सगुणामावशीची उंच छपराची गाडी

सगुणा मढवीला आमच्या डोंबिवलीत सगळे सगुणामावशी म्हणायचे. माझी मुलगी सान्वी पहिलीपासून तिच्याच व्हॅनमधून शाळेत गेली. खरं तर व्हॅन तिच्या नवऱ्याची, कुंडलिकची. तो अचानक गेला तेव्हा आम्ही पालक दुसरी गाडी शोधायला लागलो होतो. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः स्टिअरिंगवर बसून आमच्या गेटसमोर हजर. कुंडलिकने हौसेने तिला गाडी शिकवून लायसन्स काढून दिलेलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पुढे कित्येक वर्षं तिने मुलं नेली-आणली. कधी कुणाच्या गुडघ्याला खरचटलंही नाही.

मग दोन गोष्टी एकाच वर्षात झाल्या. शाळेने स्वतःच्या बस सुरू केल्या, आणि मावशी भाड्याने राहत होती ती इमारत महापालिकेने धोकादायक ठरवून रिकामी केली. मालकाने नव्या इमारतीत जागा देतो असं तोंडी सांगितलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. मावशीला मूलबाळ नाही. साठी उलटलेली एकटी बाई, कमाई बंद झालेली. तिला खोली दाखवायला एजंट यायचे, पण मालक तोंड बघून परत पाठवायचे. एकाने तर सरळ विचारलं की तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाला बोलवायचं?

माहेर होतं. ठाण्यात माजिवड्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, आगऱ्यांचं जुनं गाव. वडलांची भातशेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. जमीन बिल्डरला द्यायच्या वेळी थोरल्या भावाने, भिवाने, तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने ती हसत दिली. बहिणींनी भावाकडे जमीन मागायची नसते, असंच तिला आईने शिकवलं होतं. त्या दिवशी तिला भारी साडी नेसवली, मटणाचं जेवण झालं, आणि भिवा तिच्या पाया पडता पडता राहिला, असं ती सांगायची. इमारत रिकामी झाल्यावर ती भिवाकडे गेली तेव्हा चार दिवस सगळ्यांनी आदराने केलं. पाचव्या दिवशी वहिनीने विचारलं की डोंबिवलीला परत कधी जायचंय.

गाडीत राहायचं तिच्या डोक्यात तेव्हा आलं. मला सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. ती शांतपणे म्हणाली, "भाडं दर महिन्याला जातं आणि घर मात्र मालकाचंच राहतं. गाडी एकदा घेतली की कोण बाहेर काढील मना? ती मी चालवू शकते. दुसरं मना येतंय काय?"

शाळेची व्हॅन विकली, हातातल्या पाटल्या मोडल्या. पण तिची एक अट होती. आत उभं राहता आलं पाहिजे. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलांची दप्तरं काढून देताना इतकी वर्षं कमरेत वाकल्यामुळे पाठीची वाट लागली होती. आता घरातही वाकायचं म्हणजे तिला पटत नव्हतं.

तिच्या जुन्या गाडीचा मेकॅनिक प्रफुल्ल, ती आणि मी, असे तिघे रविवारी गाड्या बघत फिरायचो. पहिली खोपटच्या डेपोमागे पाहिली. पर्यटकांची गाडी होती, मऊ सीटा, रंगीत दिवे, पडदे. छप्पर बुटकं. विकणारा म्हणाला, झोपायलाच तर जाणार ना आत? मावशी म्हणाली, "मग भाकरी काय आडवी पडून थापू?" आणि उतरली.

दुसरी भिवंडी रस्त्याला. स्वस्त होती, उंचही होती, आत गेल्यावर मावशीचा चेहरा उजळला. प्रफुल्लने पायाखालची चटई उचलली तर पत्र्याला भोकं, खालचा रस्ता दिसत होता. छप्परही मागाहून कापून, जोड देऊन वर नेलेलं. गाडीच्या कागदावर त्याची नोंदच नव्हती. आरटीओ ही पास करणार नाही, असं त्याने सांगितलं. तरी मावशी बराच वेळ आत उभी राहिली. हात वर करून तिने छताला बोटं टेकवली, मग खाली उतरली.

तिसरी मिळाली कल्याणला, बाबुरावच्या आवारात. बाबुराव जुन्या गाड्यांचा व्यापारी, तोंडाने फटकळ. त्याच्याकडे एका संस्थेचा डोळे तपासायचा फिरता दवाखाना विकायला आलेला. कंपनीतूनच उंच छपराची गाडी, कमी धावलेली, आत लहानसं बेसिन आणि भिंतीला कपाटं. मावशीने छपरावर पाइपने पाणी मारायला लावलं आणि स्वतः आत दार लावून बसली. मागच्या झरोक्याच्या कडेने थेंब गळायला लागले. तेवढी कड बुजवून द्यायची, या बोलीवर सौदा झाला. गाडी रस्त्यावर काढायच्या फिटनेसची मुदत आणखी काही वर्षांचीच आहे, हे प्रफुल्लने आधीच सांगितलं होतं. मावशी म्हणाली, माझी तरी किती आहे?

पहिला महिना ती खूश होती. फळी टाकून पलंग केला, बेसिनला पाण्याचा कॅन जोडला, कपाटात डबे लावले. एमआयडीसीत झाडाखाली गाडी उभी करायची. सकाळी पेट्रोल पंपावरच्या संडासात जायची. तिथला माणूस पहिले काही दिवस काही बोलला नाही, मग डिझेल भरत असाल तरच या म्हणाला. पोलीस रोज उठवायचे. सोसायट्यांतले रहिवासी तक्रारीसाठी गाडीचे फोटो काढायचे. मे महिन्यात ते उंच छप्पर असं तापायचं की दुपारभर ती जवळच्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायची, पेशंट असल्यासारखी. या सगळ्यापेक्षा तिला जास्त खुपलं ते वेगळंच. ज्यांची मुलं तिने सांभाळली, त्यांच्यातले काही जण रस्त्यात दिसले की मोबाइलमध्ये बघायला लागायचे.

शेवटी ती गाडी घेऊन माहेरच्या गावी गेली. गावदेवीच्या मैदानाच्या कडेला, भावाच्या टॉवरसमोर उभी केली. तिथे तिला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, पाण्याचा नळ होता. म्हाताऱ्या येऊन पायरीवर बसायच्या, वाकट्यांची सुकी मासळी आणून द्यायच्या. तिला वाटलं, आपलं जमलं.

आठवडा झाला नसेल, भिवा आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, दारातच उभा राहिला. हे सगळं मावशीने मला नंतर सांगितलं, शब्द न बदलता. तो म्हणाला की लोक विचारतात, भिवा केणीची बहीण गाडीत राहते, म्हणजे काय समजायचं. माझं गावात नाव आहे.

ती म्हणाली, "मग एक खोली दे, दादूस. कोपरा दे. मी मेल्यावर तुझीच हाय."

फ्लॅट सगळे पोरांच्या नावावर आहेत, माझ्या हातात काही नाही, असं भिवाने सांगितलं. मग जरा घसा साफ करून म्हणाला, "तुला साडीचोळीला कधी कमी केलं काय गो मी?"

"नाय केलंस. त्या साड्या वाळत कुठे घालू, तेवढं सांग."

तो निघून गेला. दोनच दिवसांनी मैदानाच्या त्या कडेला साखळी लागली, वाहने उभी करू नयेत असा फलक लागला. लावणारा वॉचमन टॉवरचाच होता. मावशी गाडीत असतानाच त्याने खांब रोवले, एका बाजूला बाहेर पडायला वाट ठेवली.

ती कल्याणला बाबुरावकडे गेली. त्याने फार विचारलं नाही. मागच्या भिंतीला गाडी लाव म्हणाला, आणि बदल्यात माझ्या माणसांचं दुपारचं जेवण कर. तशी ती जुन्या गाड्यांच्या मध्ये राहायला लागली. प्रफुल्ल अधूनमधून बॅटरी बघून जायचा, मी महिन्यातून एकदा जायचे.

गेल्या वर्षी भिवाच्या मुलाचं, हर्षितचं लग्न ठरलं. आगऱ्यांच्या हळदीला आत्याशिवाय चालत नाही, म्हणून मावशीला बोलावणं आलं. न्यायला गाडी पाठवतो, असा भिवाचा निरोप होता. मावशीने कळवलं की गाडी माझ्याकडे आहे. मी सोबत गेले. मांडव त्याच मैदानावर होता. गेटवरच्या पोऱ्याने ही गाडी इथे नको म्हणून पलीकडच्या नाल्याजवळ लावायला सांगितली. मावशीने गपचूप लावली.

आत मात्र तिचं सगळं व्यवस्थित झालं. पहिली हळद तिनेच लावली. लग्नविधीतली जुनी धवल्याची गाणी तिच्याएवढी कुणाला येत नव्हती, ती म्हणायला लागली तसा डीजे बंद करायला लावला. हर्षित वाकून पाया पडला, आत्याबाय म्हणून मिठी मारली. पोर मनाने वाईट नाही. भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवणं झाल्यावर मावशी निघाली, तेव्हा सगळ्यांसमोर तिचा हात धरून तो म्हणाला, "राहा की गो आज. लगेच काय जातेस?"

मावशीने विचारलं, "कुठे?"

तिने टोमणा मारला नव्हता. मी शेजारीच होते, तिचा चेहरा मला दिसत होता. ती खरंच उत्तराची वाट बघत होती. भिवाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने मांडवाकडे पाहिलं. मग कुणीतरी फोटोला बोलावलं आणि तो हात सोडून गेला. मानाची साडी वॉचमनच्या हातून गाडीपर्यंत पोचली.

परतताना साकेतचा पूल आला. मावशी म्हणाली, "मना वाटलं, दादूस बोलंल."

यंदा गाडीच्या फिटनेसची मुदत संपली. तपासणीत ती पास झाली नाही. रस्त्यावर काढता येणार नाही म्हटल्यावर मावशी म्हणाली, बरं झालं, आता ही खोलीच झाली. तिने चाकांना विटा लावल्या, दाराशी तुळस ठेवली. पाठ आता फार दुखते, पण स्वयंपाक उभ्याने करते.

परवा प्रफुल्लबरोबर गेले तेव्हा आवारात चुन्याच्या रेषा मारलेल्या. बाबुरावने मान खाली घालून सांगितलं की जागामालकाने जमीन विकायला काढलीय, दिवाळीनंतर सगळं हलवावं लागेल. बाकीच्या गाड्या भंगारात जातील. मावशी स्टोव्हपाशी उभी राहून चहा करत होती. तिने सगळं ऐकलं, कप मांडले, आणि प्रफुल्लला विचारलं की क्रेनने उचलली तर छपराला धक्का लागेल का.

प्रफुल्ल म्हणाला, "नाही लागणार. पण उचलून ठेवायची कुठे, मावशी?"

ती चहा ओतत राहिली.