साडूंचा पत्ता

आमच्या साडूंइतका पत्त्याला चिकटलेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा निघाला, तर मी मिशी उतरवून देईन. ते एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतात. कुणाच्याही फोनमधलं काही उतरवून ठेवायचं, तर आधी माणसाचं नाव, मग फोन, मग मूळ फोल्डर, असे खण एकात एक पाडल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नाही. मी एकदा दोन फोनमधलं सारं ‘सगळं’ नावाच्या एकाच फोल्डरात कोंबलं होतं. ते पाहून म्हणाले, “अख्ख्या गल्लीला एकच घर नंबर? टपालवाल्यानं काय करायचं राव?” खुलताबादच्या लग्नात तर ते भरल्या पंगतीतून उठले. फोटोग्राफर दोन कॅमेऱ्यांचे सारख्याच नंबरांचे फोटो एका जागी उतरवत होता. “आधी दोन घरं कर, मग उतरव. नायतर नवरदेव पुसला जाईल!” त्यांची जिलबी मी खाल्ली.

या हट्टाचं कारण घरात कुणी काढत नाही. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आजारात गेली. त्या धावपळीत त्यांनी तिचा आणि स्वतःचा फोन एकाच फोल्डरात उतरवला. दोन्हीकडच्या रेकॉर्डिंगची नावं सारखी. जुनी पुसू का, असं मशीननं विचारलं आणि त्यांनी घाईत ‘हो’ दाबलं. त्यांच्या मीटिंगा राहिल्या, ताईंचा आवाज गेला.

परवा माझ्या बायकोचा फोन हौदात पडला. त्यात कन्नड गावच्या अण्णांचा, तिच्या वारलेल्या वडिलांचा आवाज होता. ती जेवेना. साडूंनी तो फोन मागंच आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवला होता. तो घेऊन ते आले, तिच्या नावाचा खण, त्यात फोन, त्यात कन्नड, असं करत मिनिटात पोचले. दुसऱ्याची फाईल ते फक्त जागेवर ठेवतात, कधी उघडत नाहीत. ही पहिल्यांदाच उघडली. अण्णा लहानपणीचं सांगत होते. मध्येच मागून बाईचा आवाज आला, “अण्णा, चहा निवायलाय, घ्या की आधी.”

ताईंचा आवाज! साडूंनी तेवढंच पाच-सहा वेळा ऐकलं.

“दाजी, तेवढं कापून घ्या की तुमच्याजवळ,” बायको म्हणाली.

त्यांनी कापलं. कुठं ठेवायचं, असं मशीननं विचारलं. साडू माझ्याकडे वळले.

“साडू, हे कुठं ठेवू हो?”

मला रडू आलं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो, आणि आम्ही तिघांनी ते पुन्हा लावलं.