घाट चढायला नकार देणारी गाडी

माझ्या डाव्या पायात लहानपणापासून बळ नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून जुनी का होईना, ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि गंगापूर रोडवरच्या घरापासून ऑफिसपर्यंत माझी मी जाऊ लागले. यंदा मात्र ती दगा देऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मग एकदम हिसका देऊन सुटायची. ओळखीच्या गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेला, मॅडम. विकून टाका." देवापुढे दिवा लावतानाही मनात एकच यायचं, आता माझे पायच गेले.

विकण्याआधी सासूबाईंना सप्तशृंगगडावर न्यायचं ठरवलं. देवीची ओटी भरायची त्यांची फार इच्छा होती. वणीपर्यंत गाडी कशीबशी आली. नांदुरीला घाटाची पहिलीच चढण लागली आणि ती मागे सरकू लागली. मी ब्रेकवर ब्रेक दाबत खाली सपाटीवर आणली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "आई, आता तूच बघ," एवढंच देवीला म्हणता आलं.

काचेवर टकटक झाली. मी काच खाली केली. मागून येणाऱ्या गाडीतल्या बाई उतरल्या होत्या. "ताई, गाडी गिअर सोडतीय ना? माझी पण अश्शीच होती, सेम मॉडेल." त्या नसीमबाई, कळवणच्या शाळेतल्या शिक्षिका. "इंजिन चालूच ठेवा," म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली. पट्टीचं फक्त टोक ओलं झालं.

"तेलच नाही हो! पण रंग बघा, लालच आहे. जळका वासही नाही. आतलं काही गेलेलं नसणार." रेडिएटरजवळच्या नळीची क्लिप सैल होऊन तिथून तेल झिरपत होतं. त्यांनी ती आवळली. मग आपल्या डिकीतून त्याच तेलाचा सीलबंद डबा आणला. सासूबाईंनी कागदाचं नरसाळं करून धरलं.

"तुमचं तेल आम्हाला दिलंत, तुम्हाला लागलं तर?" मी विचारलं.

"देनेवाला ऊपर बैठा है, ताई. चला, चढवा गाडी."

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने एकदाही आचका न देता चढण घेतली. एकेक वळण मागे पडत होतं, सासूबाई देवीचा उदोकार करत होत्या आणि मी हसत होते, रडत होते. वर रुळांवरून चढणाऱ्या ट्रॉलीने मंदिरात गेलो. आईसमोर उभी राहिले, पण मागायचं काही सुचेना. नुसते हात जोडले गेले.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. त्या दिवशी आई कोणत्या रूपात आली, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. सगळं तिच्यावर सोपवलं की आपल्या हाती काच खाली करून मदतीला आत येऊ देणं एवढंच उरतं. तेवढं मला जमलं, हीसुद्धा तिचीच कृपा.