शेवटचे दोन आकडे

रघुनाथ गेल्याची बातमी मला कंपनीतल्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. वर त्याचा फोटो... जायकवाडीच्या काठावर मोठ्या कटला माशाचं डोकं छातीशी धरून हसणारा. शेजारचा माणूस कुणीतरी कापून टाकला होता, माशाच्या शेपटीला धरलेला हात तेवढा उरला होता. तो हात माझा. काही वर्षं आमचं बोलणं नव्हतं, त्यामुळं त्याच्या आजारपणाचं मला कुणी कळवलं नाही, यात कुणाचा दोष नाही.

चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. त्याचे वडील मेंढरं राखायचे, माझ्या घरी शेती. गळ टाकायचा नाद दोघांच्याही घराण्यात नव्हता, तो रघूला कुठूनतरी लागला आणि त्यानं मला लावला. तेव्हा शहर पैठण रोडनं पसरत सुटलं होतं, शेतांचे प्लॉट पडत होते आणि मोजणीवाले हातात जीपीएस घेऊन बांधाबांधानं फिरत होते. अशाच एका मोजणीवाल्याकडून रघूनं दोन जुनी मशिनं मिळवली, एक त्याला, एक मला. धरण भरलं की चारी दिशांना नुसतं पाणी, खूण म्हणावी असं काही नाही. पण त्या पाण्याखाली धरणासाठी उठवलेलं एक गाव होतं, आणि मासा दगडाच्या आडोशाला राहतो. ओळखीच्या भोयाच्या होडीतून आम्ही सुटीच्या दिवशी दोरीला वजन बांधून तळ चाचपायचो, रघू होडीच्या एका कडेला, मी दुसऱ्या. दगड लागला की रघू ती जागा त्याच्या मशीनमध्ये टिपायचा. माझं मशीन पिशवीतच असायचं, भिजायला नको म्हणून. मग दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो ते मागून घ्यायचा आणि सगळे अक्षांश-रेखांश त्यात भरायचा. माझा जाड अंगठा त्या बटणांवर बसत नसे. तो पाढे म्हटल्यासारखे आकडे मोठ्यानं म्हणायचा, मी समोर बसून चहा प्यायचो. जागांना नावंही त्यानंच दिली... विहीर, पार, चिंच.

दोघं मिळून गेलो की त्याच्या मशीनवर जायचो आणि मासे मिळायचे. मी एकटा गेलो की माझ्या मशीनवर जायचो आणि हात हलवत यायचो. रघूच्या हाताला यश आहे, असं मी साऱ्या खात्यात सांगत फिरलो. थोरलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येणार होती, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की रस्सा माझ्या गळाच्या माशाचा. रघूची त्या दिवशी ड्यूटी होती. दिवसभर ‘विहिरी’वर गळ टाकून बसलो, कणकेचे गोळे विरघळून गेले. शेवटी पैठणच्या बाजारातून मरळ मासा विकत घेतला, तोही कापून. व्याह्यांनी चेष्टेनं विचारलं, गळाचा मासा असा कापूनच निघतो का? रघूला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मीही हसलो.

मग पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली. शहरातले नळ आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढे. धरण तळाला गेलं आणि बुडालेलं गाव उघडं पडलं. लोक बघायला जाऊ लागले. आपण ज्या विहिरीवर इतकी वर्षं होडी उभी केली ती वरून बघावी, अशी मला हौस. रघू टाळत होता. चिखल काय बघायचा, म्हणायचा. मी ऐकलं नाही. भेगाळलेल्या गाळावरून चालताना मी माझं मशीन काढलं आणि त्यातल्या ‘विहिरी’मागं निघालो. मशीनवरचा बाण संपला तिथं उघडं रान होतं. दगड नाही, झाडाचं खोड नाही. विहिरीचा कठडा हाकेच्या अंतरावर दिसत होता, आणि त्यापाशी रघू माझ्याकडं पाठ करून उभा होता.

तिथं गेलो, विहिरीजवळ मशीन धरलं आणि आकडे पडताळून पाहिले. सगळे तेच, शेवटचे दोन वेगळे. पाराचं तसंच, चिंचेचं तसंच. मशीन अशी चूक करत नाही.

“रघू, हे तू केलंस?”

त्यानं गाळाचं एक ढेकूळ विहिरीत भिरकावलं. मग म्हणाला, “व्हय. खरे आकडे दिले असते, तर तू माझ्यासंगं कशाला आला असता?”

मी मासे धरायला येत नव्हतो, हे त्याला सांगावंसंही वाटलं नाही. येताना त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून आलो. नंतर त्याचे दोन-तीन फोन आले, मी उचलले नाहीत.

दहाव्याला गेलो. वहिनींनी ओळख दिली, पाणी दिलं. शेजारी आमच्याच खात्यातला विलास बसला होता. तो हळहळत म्हणाला की रघुभाऊ लई दिलदार माणूस, धरणातल्या सगळ्या जागा आपणहून देऊन गेला. त्यानं मोबाइल काढून दाखवला. मी विचारलं, मासे मिळतात? तर म्हणाला, कधीच रिकामा आलो नाही. मी त्याच्याकडून आकडे घेतले. खरे होते, त्या दिवशी विहिरीपाशी माझ्या मशीननं दाखवले तेच. विलासला दिले, मला नाही... विलास सोबत आला काय, न आला काय, त्याला फरक पडत नव्हता, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, माझ्या नावानं खात्याला हसवायची त्याला गोडी लागली होती. हे आता कुणाला विचारू?

गेल्या आठवड्यात धरणावर गेलो. पाणी परत भरलंय. जुने आकडे पुसून नवे मी माझ्याच अंगठ्यानं भरले, वेळ लागला. विहिरीवर होडी उभी केली, माझ्या नेहमीच्या कडेला बसलो आणि थोड्याच वेळात रोहू लागला. खरे आकडे मिळाले, आणि मी एकटा आलो होतो. त्याचं म्हणणं त्यानं मेल्यावर खरं करून घेतलं, याचा मला मासा काढतानाच राग आला.

तेवढ्यात मागून भोई म्हणाला, “भाऊ, मधी सरका जरा. होडी एका अंगाला कलतीय.”