दशमी घेऊन गालीलला

येशूच्या मुलखात, गालीलला, जाणाऱ्या अभ्यासयात्रेसाठी माझी निवड झाली तेव्हा आमच्या झरी गावातल्या शेजारणींना वाटलं, ही ख्रिस्ती लोकांच्या काशीला निघाली. "आमच्यासाठी बी काई तरी मागून ये गं," म्हणाल्या. आईनं काहीच मागितलं नाही. ती चुलीपुढं ज्वारीचं पीठ दुधात मळत होती. प्रवासात भाकर टिकत नाही, दशमी टिकते.

"तिथं जायलीस तर त्याला इचार," ती मान वर न करता म्हणाली, "माझं लेकरू का नेलं म्हनावं."

माझा धाकटा भाऊ पोखर्णीच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून आई परभणीच्या चर्चला येते, पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खायची, वेळ झाली की उठून बाहेर चपलांपाशी जाऊन बसते. ज्याच्याशी भांडण, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, असा तिचा साधा हिशेब. पाळकांनी समजावलं, बायकांनी समजावलं, मीही डोकं आपटलं. मी शाळेत शिकवते, समजावायची मला खोडच आहे. आई म्हणायची, "तुमी जेवा की. मी कुटं नको म्हनायले?" खरं सांगायचं तर मी निघाले ती अभ्यासासाठी कमी, आणि तिला त्या पंगतीला परत आणील असं काहीतरी मिळवायला जास्त.

आम्ही सगळ्यात आधी गालीलच्या समुद्राकाठीच गेलो. समुद्र कसला, तळंच ते. आमच्या येलदरीच्या धरणासारखं, पलीकडचा काठ दिसणारं. मला रागच आला. सोबतचे लोक फोटो काढत होते. यात्रेत आम्हाला शिकवायला आलेले वयस्कर प्राध्यापक कुठला दगड कुठल्या काळातला ते सांगत होते. मी बाजूला जाऊन बसले आणि मराठीतून, जरा घुश्शातच, आईचा प्रश्न विचारला. पाणी दगडांना लागत राहिलं. उत्तर आलं नाही. ते येईल अशी आपली आशा होती, हे मला तेव्हा कळलं आणि रडू फुटलं.

तेवढ्यात प्राध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं आणि त्याच काठावरचा प्रसंग वाचायला घेतला. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परतताहेत, आणि मरणातून उठलेला येशू काठावर विस्तव करून मासे आणि भाकर घेऊन बसलाय. खायला काही आहे का, असं तो आधी विचारतो. मग न्याहारीला बोलावतो. हा प्रसंग मला पाठ होता. पण आपल्या मरणाबद्दल तो तिथं चकार शब्द काढत नाही, त्याला पकडलं तेव्हा सोडून पळालेल्या या शिष्यांना का पळालात म्हणत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकर घेऊन येतात आणि पोटात काही गेलं का, एवढंच विचारतात. का गेला, कसा गेला, हे शहाणं माणूस त्या घरात बोलत नाही.

मी पिशवीतली दशमी काढली, मोडली आणि सगळ्यांना वाटली. ती चांगलीच कडक झाली होती. प्राध्यापक बराच वेळ चावत राहिले आणि छान आहे म्हणाले. ते धादांत खोटं होतं.

घरी आले तर आईनं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"इचारलंस?"

"इचारलं."

"काय म्हनला?"

विमानात मी लांबलचक उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते गिळलं.

"तुजी माय जेवली का, म्हनला."

हे मी पदरचं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. आईचा चेहरा हलला.

"न्हाई म्हनावं त्याला. पोरगं गेल्यापून पोटभर न्हाई." आणि ती माझ्यादेखत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पुढच्या प्रभुभोजनाला मी तिच्याकडं बघायचं टाळलं. पाळकांनी ताट उचलून, ही भाकर, असं म्हटलं. आई उठली नाही. ताट आलं तेव्हा तिनं तुकडा घेतला, निरखून पाहिला, खाल्ला, आणि पुढच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात माझ्या कानाशी म्हणाली, "भाकर म्हनत्यात आन् पाव देत्यात. फुडच्या बारीला मी करून आनते."