सपाट जागेवर उभा करा

माझे वडील घोड्याचा दोर धरून रिंगणात आले, तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर चार घोड्यांचे गुण लिहून झाले होते. पाचवा घोडा त्यांच्या मालकांचा होता.

कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर एका गावात जत्रेनिमित्त घोड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. ऊस तुटून गेलेल्या रानात फळी फिरवून, दोरखंड बांधून रिंगण केलेलं. मी जनावरांची डॉक्टर, म्हणून परीक्षक. घोड्याची बांधणी बघायची, पाय, खांदा, पाठ, चाल, आणि नंबर काढायचे. माझे वडील एका बागायतदारांच्या तबेल्यात मोतद्दार होते. घोड्यांना चारा-पाणी, खरारा, नाल मारून घेणं, सगळं त्यांच्याकडे. माझ्या जन्माआधीपासून. मालक या प्रदर्शनात घोडा उतरवणार आहेत हे वडिलांनी मला घरी सांगितलं नव्हतं. सकाळी यादीत पाच नंबरला मालकांचं नाव दिसलं.

मी तडक संयोजकांकडे गेले. म्हटलं, "पाच नंबरचा घोडा धरणारे माझे वडील आहेत. दुसरा परीक्षक बघा."

ते हसले. "आता कुठनं आणू डॉक्टरबाई? हितं समदी एकमेकाची पावणंच हायती की. चला, लोकं खोळंबल्यात."

घोडा देखणा होता. कुमैत म्हणजे तांबूस-काळपट रंग, मान उंच, अंगावर अशी चकाकी की लोक आपोआप पुढे सरकले. दोरखंडाच्या कडेला म्हातारी माणसं त्याच्या अंगावरचे भोवरे मोजत होती, कुठला शुभ, कुठला अशुभ. मालक खुर्चीवर पुढे वाकून बसले होते. या घोड्याला पहिला नंबर मिळाला की पंचक्रोशीतल्या घोड्या पैदाशीसाठी त्याच्याकडे येणार, हे त्यांनी आधीच चारचौघांत बोलून टाकलं होतं.

वडिलांनी घोडा उभा केला तो रिंगणाच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे जमिनीला उतार होता. घोड्याचं तोंड उताराकडे.

मला लगेच कळलं. लहानपणी रविवारी मी त्यांच्याबरोबर तबेल्यात जायचे. ते माझ्याकडून घोड्याच्या तोंडावर टॉवेल टाकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तोंड बघिटलंस की भुललीस. आदी पाय बघ. जमिनीपासनं वर ये." विकणारे लोक काय काय करतात तेही त्यांनीच दाखवलं होतं. घोड्याचा पुढचा गुडघा मागे झुकलेला असेल, तर त्याला उताराकडे तोंड करून उभा करायचं. खुराची टाच उंचावर येते, गुडघा पुढे ढकलल्यासारखा होतो, पाय सरळ दिसतो. असा पाय वेगात धावताना दगा देतो, आणि तो दोष शिंगरांत उतरू शकतो.

मी जवळ गेले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. घोड्याच्या मानेवर त्यांचा हात होता आणि बोटं हलत होती. घोड्यासाठी की स्वतःसाठी, कुणास ठाऊक.

"घोडा सपाट जागेवर उभा करा," मी म्हटलं.

ते जागचे हलले नाहीत. मागून मालकांचा आवाज आला, "हाय तितं बराय की! काय अडलंय?"

वडील आता काय करतील याचा मला अंदाज येईना. ते नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते? माझ्या बापाला भर रिंगणात दुसऱ्यांदा सांगणार होते?

मी दुसऱ्यांदा सांगितलं. "मधे आणा. सपाटीवर."

"व्हय मॅडम," वडील म्हणाले.

त्यांनी मला मॅडम म्हटलं. घोडा मध्यभागी आला, चारी पाय टेकून उभा राहिला. मी बाजूला जाऊन उकिडवी बसले. खांद्यापासून ओळंबा सोडल्यासारखी नजर खाली आणली. दोन्ही गुडघे मागे झुकलेले. स्पष्ट. चालवून बघितलं, पळवून बघितलं, आणि कागदावर दिसलं तसं लिहिलं. त्या घोड्याला नंबर मिळाला नाही.

निकाल पुकारल्यावर मालक उठले आणि सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाले, "पोरीला शिकिवलंस ते ह्येच्यासाठी व्हय रं?"

वडील घोड्याकडे वळले. घोड्याला पाणी पाजलं, गाडीत चढवलं, आणि स्वतः त्याच्याशेजारी मागे उभे राहून गेले. मी बसने कोल्हापूरला, मंगळवार पेठेत आमच्या खोलीवर पोचले. वडील दिवेलागणीला आले, हातपाय धुऊन चहा मागितला. मी चहा दिला आणि न राहवून विचारलं, "आबा, मालक काय म्हणाले?"

"म्हंत्यात काय. उद्यापासनं येऊ नको म्हणायचं व्हतं, पर घोडं दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय." त्यांनी बशीत फुंकर मारली. "उतारावर म्या मनानं न्हवता हुबा केला. त्येंनी सांगिटलं. पर म्या केला, ह्ये खरं."

"मला कळलं होतं."

"तुला कळंल ह्ये मला ठावं व्हतं." मग त्यांनी बशी खाली ठेवली. "पर पयला नंबर दिलास, त्या घोडीचं मागलं पाय बघिटलंस?"

मी आठवू लागले. पांढरी घोडी, चाल चांगली. मागचे पाय आठवेनात.

"कोयत्यागत वाकल्यात. खूर पार पोटाखाली. माझ्या घोड्याला जमिनीवर बसून बघिटलंस. तिला हुब्या हुब्या."

ते खरं होतं. ती दुसरी रिंगणात आली तेव्हा माझं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं, वडील कधी येतात याकडे. बापाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या धसक्यात मी बाकीच्यांना ते देऊन बसले होते.

सकाळी संयोजकांना फोन करून निकाल चुकल्याचं सांगितलं. ते वैतागले. "फोटो बी छापून आलाय डॉक्टरबाई. आता काय घोडीच्या गळ्यातनं हार काढून आणू?"

रविवारी मी स्वतः त्या घोडीच्या मालकाकडे गेले. गगनबावड्याच्या रस्त्याला त्यांची वस्ती. घोडी गोठ्यात होती, या वेळी मी खाली बसले. वडील बरोबर होते. मी त्या माणसाला सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्याने घोडीचा दोर हातात घेतला.

"म्हंजे बक्षीस परत मागाय आलाय?"

"नाही. तिला गाडीच्या शर्यतीला जुंपू नका, एवढंच सांगायला आले. मागचे सांधे टिकणार नाहीत."

"येत्या आठवड्यातच जुंपणार व्हतो," तो म्हणाला. माझ्यावर चिडला होता, पण वाकून तिचा पाय बघू लागला. मी त्याच्याशेजारी बसले आणि बोटाने दाखवलं, सांधा कुठे असायला हवा आणि कुठे आहे.