मॅग्नेशियमशिवायचे आकडे

१४ मार्च २०२२. मॅग्नेशियम क्लोराइडची एक बाटली, ६१२ रुपये ५० पैसे. बिलावर एक सही कमी होती, म्हणून ते माझ्या टेबलावर नऊ दिवस पडून राहिले. मी महाविद्यालयाच्या हिशेब खात्यात. धनाजीराव जीवरसायन विभागात प्रयोगशाळा सहायक.

त्या नऊ दिवसांत जुनी बाटली संपली. संशोधक विद्यार्थी उन्मेष उंदराच्या पोटरीचा स्नायू क्षारांच्या पाण्यात ठेवी आणि इन्सुलिन घातल्यावर तो किती साखर ओढतो ते मोजी. त्या आठवड्यात पाण्यात मॅग्नेशियम नव्हते. इन्सुलिन तेवढेच, साखर तेवढीच. पण स्नायूने निम्मीच घेतली.

"काका, हे पान फाडा. गाइड रागावतील."

"पान फाडायचं नसतं. चुकलं तर तसं लिहायचं," धनाजीराव म्हणाले. "आणि चुकलं कशावरून? मुद्दाम परत करून बघू ना."

अकरा रविवार त्यांनी ते परत केले, कधी मॅग्नेशियम घालून, कधी न घालता. पाणी धनाजीराव बनवत, आकडेही तेच लिहीत. दुपारी उन्मेष त्यांच्याकडे जेवे. तो कांदा खात नसे, म्हणून त्यांच्या पत्नी संयोगिताबाई त्याची भाजी वेगळी करत. शेवटच्या रविवारी त्याने आकड्यांची वही 'दोन दिवसांसाठी' नेली.

पुढच्या वर्षी तंत्रज्ञाची जागा निघाली. शोधनिबंधात नाव हवे, अशी अट होती. धनाजीराव निर्धास्त होते. उन्मेषने जेवता जेवता तसा शब्द दिला होता. निबंध आला. नावे दोनच: उन्मेष आणि गाइड. तळाशी 'प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे आभार'.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"आभारात आहात ना तुम्ही, काका."

"कर्मचारी चार आहेत. त्यातला एक तर वर्षभर रजेवर होता."

"गाइडनी ठरवलं. मी काय करणार?"

"माझ्याकडे जेवायला गाइड येत नव्हते."

उन्मेषने फोन ठेवला. जागा बाहेरच्या माणसाला मिळाली.

धनाजीराव गेल्या मे महिन्यात सहायक म्हणूनच निवृत्त झाले. येणेबाकीच्या तपासणीत एक वही जमा नसल्याचे निघाले.

"ती उन्मेषकडे आहे. त्याच्या नावावर घाला," ते म्हणाले.

उन्मेषला 'काही येणे नाही' असा दाखला आधीच गेला होता. त्यावर सही माझी होती.

वहीचे ८५ रुपये धनाजीरावांकडून येणे बाकी आहेत.