चार नंबरचा तुकडा

३ मार्चला मी मिस्त्रींच्या नावे १८,४५० रुपयांचा चेक तयार ठेवला होता. शाळेच्या नव्या सभागृहाच्या छपराचा तो शेवटचा हप्ता, पाच महिने राखून ठेवलेला. मिस्त्री सकाळी दहाला कार्यालयात आले. चेककडे त्यांनी पाहिलंही नाही. पिशवीतून वीतभर लाकूड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"भाऊसाहेब, हा चार नंबर. परवापर्यंत धड होता."

तुकडा उभा चिरला होता. फटीत माझं नख सहज गेलं.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लाकडी छपरंच केली. छपराचा त्रिकोणी सांगाडा, म्हणजे कैची, आधी फरशीवर खडूने खऱ्या मापात आखायची आणि त्यावर ठेवूनच लाकूड कापायचं, ही त्यांची पद्धत. "कागद वजन उचलत नाही," असं म्हणायचे. दुसरी पद्धत सासऱ्यांकडून आलेली. काम त्यांच्याच हाताखाली शिकले होते. कैचीच्या तळाशी आडवी असते त्या प्रत्येक तुळईच्या टोकाचा एक तुकडा नंबर घालून घरी फळीवर ठेवायचा. वर छपरात लाकूड वाळताना काय करतं ते खालून दिसत नाही. त्याच लाकडाचा तुकडा घरबसल्या सांगतो. वहिनी वैतागायच्या. "माझ्या डब्यांना जागा नाही, आणि ह्या लाकडांची बडदास्त जावयासारखी!"

आमच्या सभागृहाच्या कैच्या सहा, म्हणून फळीवर तुकडे सहा. पाच तुळया जुन्या, वाळलेल्या लाकडाच्या होत्या. चौथी ऐन वेळी आतून किडलेली निघाली. बदली लाकूड चार महिने वाळू द्या, असं मिस्त्री सांगत होते. पण उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. काम थांबवू नये, असं पत्र कार्यालयातून गेलं. मजकूर मुख्याध्यापिकांचा, सही माझी. मिस्त्रींनी ओलं लाकूड चढवलं.

"आत्ता हॉलमध्ये कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. अकराला परीक्षा. एकशे ऐंशी मुलं."

मिस्त्रींनी तुकडा उचलला आणि ते तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाले, मागोमाग मी.

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मिस्त्री, घरात बशी फुटली तर उद्या शाळेतल्या कपबशांची झडती घ्याल! चिरा सगळ्याच लाकडांना पडतात."

"पडतात बाई. पण हा टोकाचा आहे. तिरप्या लाकडाचा पाय तुळईच्या खाचेत बसतो. त्याच्या पुढे एवढंच लाकूड. अर्ध्या छपराचा रेटा त्याच्यावर. ते निसटलं, की पाय बाहेर."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"चुकू दे की! लोक हसतील. मी बसेन हसू ऐकत."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास देते."

शिडी मी धरली. मिस्त्री चढू लागले तेव्हा बाहेर मुलांची रांग लागायला सुरुवात झाली होती. त्यांचा कलकलाट आत ऐकू येत होता. मी वर पाहत होतो आणि छपराची कौलं मनात मोजत होतो. आकड्यांनी मला आजवर नेहमी धीर दिला आहे. त्या दिवशी दिला नाही. प्रत्येक कौलाचं वजन वाढत चाललं.

वर पोचून त्यांनी पोलादी पट्टी फटीत घातली. ती चार बोटं आत गेली. नंतर ते बोलले ते कुजबुजून, जणू लाकडाला ऐकू जाईल.

"भाऊसाहेब, मुलांना लांब न्या. धावू नका."

मी शिडी सोडून बाहेर गेलो. चाललो कसा ते आठवत नाही. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि एक शब्दही न विचारता रांग मैदानाकडे वळवली. मी परतलो तेव्हा मिस्त्री खाली उतरून तिरप्या लाकडाखाली टेकू उभा करत होते. "तुम्ही कशाला आलात?" म्हणून खेकसले, आणि दुसऱ्या क्षणी, "आलात तर धरा," म्हणाले. मी धरला. ते बुडाशी पाचर ठोकू लागले. तिसऱ्या घावाला वर कट् असा आवाज झाला. बारीक भुसा माझ्या चष्म्यावर पडला. टेकूवर भार आलेला तळहातांना कळला. लाकूड थरथरून गप्प झालं. आम्ही दोघं किती वेळ हललो नाही, सांगता येणार नाही.

परीक्षा व्हरांड्यात झाली. दोन आठवड्यांनी मिस्त्रींनी तुळई बदलली. या खेपेला लाकूड वाळलेलं होतं, आणि सांध्याला लोखंडी पट्टा, चार बोल्टांनी आवळलेला. झाला प्रकार त्यांनी गावभर स्वतःच सांगितला. "मी ओलं लाकूड चढवलं," एवढंच सांगत. पत्राचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. मीही केला नाही. त्यानंतर छपराचं काम त्यांना कुणी दिलं नाही. आता ते दारं-खिडक्या करतात. वहिनींच्या फळीवर नवा चार नंबर आहे. वारा सुटला की मिस्त्री सभागृहात येऊन चौथ्या कैचीखाली उभे राहतात. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहतो आणि ते बाहेर पडेपर्यंत पेन उचलत नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. चेक त्यांनी तुळई बदलल्यावर नेला. बोल्ट आणि पट्ट्याचे त्यांनी पदरचे घातलेले २६० रुपये शाळेने अजून दिलेले नाहीत.